काळं प्लास्टिक राखाडी का पडतं आणि पुन्हा काळं कसं करायचं

गाडी सात-आठ वर्षांची झाली की तिचं वय पत्र्याआधी प्लास्टिकवर दिसतं. पत्र्याच्या रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो, तो पॉलिशने पुन्हा चमकवता येतो. बंपरची खालची बाजू, चाकांच्या कमानींवरच्या पट्ट्या, दारांखालचं क्लॅडिंग, आरशाचं बूड, वायपरखालची जाळी हे भाग मात्र बहुतेक गाड्यांत बिनरंगाचे असतात. त्यांचा काळेपणा साच्यातूनच आलेला असतो आणि वर कसलंही आवरण नसतं. गाडी रोज उघड्यावर उभी राहत असेल, तर काही वर्षांतच हे भाग आधी निस्तेज, मग राखाडी आणि शेवटी ठिकठिकाणी पांढुरके दिसू लागतात. २०१२ साली आलेल्या रेनॉ डस्टरपासून ते टाटा पंचपर्यंत, दणकट दिसण्यासाठी भरपूर काळं प्लास्टिक लावलेल्या गाड्या आपल्या रस्त्यांवर खूप झाल्या आहेत. त्यामुळे हा प्रश्नही आता घरोघरचा झाला आहे.

बहुतेक मालक म्हणतात, ‘काळा रंग उडाला.’ या एका समजुतीतून पुढचे चुकीचे उपाय निघतात. कोणी बुटाचं पॉलिश लावतो, कोणी काळा स्प्रे मारतो, कोणी वॉशिंग सेंटरवर डिझेलचा हात फिरवून घेतो. प्रत्यक्षात इथे रंग उडतच नाही. हे प्लास्टिक काळं करणारा पदार्थ म्हणजे कार्बन ब्लॅक, काजळीचाच कारखान्यात तयार केलेला अतिसूक्ष्म प्रकार. कार्बन उन्हाने विटत नाही. उलट अतिनील किरण शोषून घेण्यात इतका स्वस्त आणि टिकाऊ पदार्थ मिळणं कठीण. शेतातल्या ठिबकच्या नळ्या आणि पाण्याचे एचडीपीई पाइप काळे असतात ते याच कारणाने. पाण्याच्या एचडीपीई पाइपसाठी आयएस ४९८४ हे भारतीय मानक आहे, त्यात कार्बन ब्लॅकचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास ठेवायला सांगितलं आहे. तेव्हा राखाडी पडलेल्या बंपरमधला काळा रंग जिथल्या तिथे असतो. बिघडतं ते त्याला धरून ठेवणारं प्लास्टिक, आणि तेही वरच्या पातळ थरात. हे एकदा लक्षात आलं की कोणता उपाय का चालतो आणि कोणता का चालत नाही, हे आपोआप उलगडत जातं.

गाडीचा एखादा सुटा भाग उलटा करून पाहिला, तर आतल्या बाजूला साच्यातच उमटलेली अक्षरं दिसतात. बऱ्याचदा ती ‘पीपी + ईपीडीएम - टीडी २०’ अशा धर्तीची असतात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. १९५४ मध्ये इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी त्याचं सुबक रचनेचं, स्फटिकी रूप तयार केलं आणि १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना कार्ल झीग्लर यांच्यासोबत मिळालं. ईपीडीएम हे रबर. ते मिसळल्यामुळे बंपरला धक्का बसला तरी तो फुटत नाही, दबून पुन्हा आकारात येतो. टीडी २० म्हणजे टाल्क, पावडरीच्या डब्यात असतो तोच खनिज पदार्थ, वीस टक्के. टाल्कने भागाला ताठपणा येतो. आरशाचं आवरण किंवा पुढची ग्रिल यांवर एबीएस किंवा एएसए अशी अक्षरंही सापडतील. ती प्लास्टिकं वेगळी आहेत आणि त्यातलं एएसए उन्हाला चांगलं टिकतं.

पॉलिप्रॉपिलीनचा रेणू म्हणजे कार्बनची लांबच लांब साखळी. तिच्यात दर दुसऱ्या कार्बनवर एक हायड्रोजन जरा सैल बसलेला असतो. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे प्लास्टिकमधल्या सूक्ष्म अशुद्धी आधी फुटतात आणि त्यांतून तयार झालेले आक्रमक तुकडे, म्हणजे मुक्तमूलकं, हा सैल हायड्रोजन ओढून घेतात. मोकळ्या झालेल्या जागी हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो, तिथे साखळी तुटते आणि त्या तुटण्यातून आणखी मुक्तमूलकं तयार होतात. उष्णतेने हे सगळं वेगाने होतं. हे थोपवण्यासाठी कारखान्यात स्टॅबिलायझर मिसळलेले असतात. ते मुक्तमूलकांना पकडून शांत करतात आणि त्यांतले काही पुन्हा कामाला तयारही होतात. पण वर्षानुवर्षांच्या उन्हात, धुण्यात आणि पावसात वरच्या थरातला त्यांचा साठा सरत जातो. महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, म्हणजे ‘अत्यंत तीव्र’ या वर्गात. आपल्याकडचं प्लास्टिक लवकर थकतं त्यात नवल नाही.

साखळ्या तुटून आखूड झाल्या की त्या अधिक दाटीने बसतात, वरचा थर आकसतो आणि त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात. भेगांमध्ये हवा शिरते. आता प्रकाश आतल्या कार्बनपर्यंत पोचण्याआधीच प्लास्टिक आणि हवा यांच्या असंख्य सीमांवर आपटून चहूकडे विखुरतो, आणि विखुरलेला प्रकाश डोळ्याला पांढुरका दिसतो. त्यात उघडा पडलेला टाल्क भुकटीसारखा वर येतो. शाळेतली खडूने भरलेली पाटी ओल्या फडक्याने पुसली की काळीभोर होते आणि वाळली की पुन्हा करडी पडते, तसंच इथे होतं. पाणी खाचांतली हवा हटवतं. हवेचा वक्रीभवनांक १, पाण्याचा १.३३, पॉलिप्रॉपिलीनचा सुमारे १.४९. भेगेत भरलेल्या पदार्थाचा अंक प्लास्टिकच्या जितका जवळ, तितका प्रकाश कमी विखुरतो आणि काळेपणा तितका खोल दिसतो. तेलांचा अंक १.४७ च्या आसपास असतो. म्हणून तेलाचं बोट फिरवताच बंपर नवा दिसतो आणि तेल गेलं की पुन्हा होता तसा होतो.

कामाला लागण्याआधी एक साधी चाचणी करा. राखाडी भागावर पाण्याचा शिंतोडा मारा आणि दोन गोष्टी पाहा. पाणी मण्यांसारखं वेगळं राहतं की पसरतं? चांगल्या पॉलिप्रॉपिलीनवर पाण्याचे थेंब उभे राहतात. ऑक्सिडेशन झालेल्या पृष्ठभागावर ते पसरतं. दुसरं, ओला भाग पूर्ण काळा होतो का? झाला, तर भेगा भरून काढणारा कोणताही चांगला कोट तुम्हाला तोच काळेपणा देईल. ओला असतानाही भाग करडा किंवा डागाळलेला राहत असेल, तर वर काहीतरी साचलेलं आहे, किंवा थर इतका गेला आहे की काळा रंग बाहेरून द्यावा लागेल.

साचलेलं असतं ते बहुधा दोन प्रकारचं. एक म्हणजे पत्र्याला पॉलिश करताना कडेच्या प्लास्टिकवर लागलेलं आणि तिथल्या दाण्यांत वाळलेलं पांढरं मेण. दुसरं म्हणजे बोअरवेलच्या पाण्याचे क्षार. रोज सकाळी बादलीभर बोअरच्या पाण्याने गाडी पुसली जाते, पाणी उन्हात वाळतं आणि प्रत्येक थेंबामागे कॅल्शियमचा ठिपका उरतो. मेण मऊ टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याने निघतं. क्षारांना आम्ल लागतं. पांढरं व्हिनेगर समभाग पाण्यात मिसळून फडक्याने लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, भरपूर पाण्याने धुवा. टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड मात्र गाडीजवळही आणू नका. त्याने शेजारचा पत्रा आणि स्क्रू गंजतात.

या सगळ्या कामात सगळ्यात जास्त वेळ साफसफाईला द्यायला हवा. कोट टिकला नाही अशी तक्रार ऐकली की मी आधी साफसफाई कशी केली होती ते विचारतो, आणि उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. गाडी सावलीत घ्या आणि प्लास्टिक हाताला थंड लागेपर्यंत थांबा. एरवी पत्र्याला भांड्यांचं लिक्विड वापरू नये, कारण ते मेण काढून टाकतं. इथे आपल्याला तेच हवं आहे, म्हणून पाण्यात थोडं घालून चालेल. बाजारातला ऑल-पर्पज क्लीनर असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात पातळ करा. मऊ ब्रशने गोल गोल घासा, कारण बंपरच्या पृष्ठभागावर चामड्यासारखे बारीक दाणे असतात आणि धूळ त्यांच्या तळाशी असते. मग पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर करडी-काळी भुकटी येईल. हा तुटलेल्या प्लास्टिकचा आणि टाल्कचा सैल थर आहे, तो जायलाच हवा. फडकं जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत घासणं आणि पुसणं चालू ठेवा. भिंतीवरचे डाग काढायचा पांढरा ‘मॅजिक’ स्पंज वापरायचा मोह होतो, पण तो अतिशय बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतो. दाणे घासले गेले की त्या जागी कायमचा चकचकीत ठिपका उरतो.

धुतल्यावर घाई नको. पाणी पट्ट्यांच्या मागे आणि सांध्यांत लपून बसतं आणि नेमकं कोट लावताना ओघळतं. तासभर तरी वाळू द्या, ब्लोअर असेल तर फटींतून मारा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन एकदा हलका हात फिरवा. आधी लावलेल्या सिलिकॉनचा आणि तेलाचा उरलेला अंश त्याने निघतो. पेट्रोल, थिनर किंवा अ‍ॅसिटोन नको. एबीएसचा भाग असेल तर त्यांनी तो विरघळून चिकट होईल. चकचकीत काळ्या ‘पियानो ब्लॅक’ भागांना ब्रशही लावू नका. शेजारच्या पत्र्यावर मास्किंग टेप चिकटवून घ्या.

आता भेगा कशाने भरायच्या? घरगुती उपायांपासून सुरुवात करू. खोबरेल तेलाने काळेपणा येतो, पण धूळ चिकटते, पहिल्या जोरदार पावसात ते धुऊन जातं आणि २४ अंशांखाली ते गोठत असल्याने नाशिककडच्या थंडीत सकाळी पांढुरका थर दिसू शकतो. डिझेल आणि जुनं इंजिन ऑइल तर मुळीच नको. खनिज तेलाने ईपीडीएम रबर फुगतं; बंपरमध्येही तेच रबर आहे आणि काचांभोवतीच्या बीडिंगमध्येही. वॉशिंग सेंटरवाला आपुलकीने डिझेलचा हात मारायला निघाला, तर त्याला नम्रपणे थांबवा. घरगुती उपायांत शास्त्रीयदृष्ट्या खरा अर्थ आहे तो जवसाच्या उकळलेल्या तेलाला, रंगारी लाकडाला लावतात त्या बेलतेलाला. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि भेगेतच त्याची पापुद्र्यासारखी फिल्म बनते. इतर तेलांपेक्षा ते टिकतं, पण जास्त लागलं तर चिकट, पिवळसर थर बसतो. आणि एक गंभीर इशारा: या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ठेवली, तर घट्ट होताना निघणाऱ्या उष्णतेने ती आपोआप पेटू शकतात. वापरलेलं फडकं पाण्यात बुडवून ठेवा, किंवा मोकळ्यावर सपाट पसरून पूर्ण वाळवा.

दुकानात ‘ट्रिम रीस्टोअरर’ या एकाच नावाखाली तीन निराळ्या वस्तू मिळतात, हे घेणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. पहिली, पांढऱ्या दुधासारखी, पाण्यात मिसळलेलं सिलिकॉन तेल. लावायला सोपी, स्वस्त आणि नव्या प्लास्टिकच्या देखभालीला चांगली, पण टिकते काही आठवडेच, कारण ते तेलच राहतं, घट्ट होत नाही. दुसरी, काळा रंग असलेली. तिच्यात काळं रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारी रेझिन असते. ओला करूनही काळा न होणारा भाग हिच्याशिवाय सुधारत नाही. तिसरी, ‘सिरॅमिक’ म्हणून विकली जाणारी, सिलिका किंवा सिलॉक्सेनचा कोट. छोट्या बाटलीत येते, लावल्यावर हवेतल्या आर्द्रतेशी क्रिया करून कडक होते आणि भेगा बंद करून बसते. नीट लावली तर ती महिनोन्‌महिने टिकते, आणि गाडी सावलीत राहत असेल तर वर्षाच्या पुढेही.

माझा कौल असा. पाण्याच्या चाचणीत काळा होणारा भाग असेल, तर सिरॅमिक कोट घ्या आणि दुधाळ सिलिकॉनवर पैसे घालवू नका. फार गेलेल्या भागाला आधी रंगद्रव्याचा कोट, तो पूर्ण वाळल्यावर हवं तर वर सिरॅमिक. पाण्याचे थेंब सुंदर उभे राहिले म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण मिळालं, असं मात्र समजू नका. पाणी झटकणं आणि किरण अडवणं हे दोन वेगळे गुण आहेत. पुढचं नुकसान थांबवायचं असेल, तर बाटलीवर तसा स्पष्ट उल्लेख शोधा.

लावण्याची पद्धत सोपी आहे, फक्त संयम हवा. स्पंजच्या छोट्या ठोकळ्यावर पातळ कापड गुंडाळा आणि त्यावर चार-पाच थेंब घ्या. एका वेळी हातभर लांबीचाच तुकडा घ्या. आधी आडवा, मग उभा हात फिरवा, म्हणजे दाण्याच्या चारही बाजूंना कोट पोचतो. एक-दोन मिनिटांनी स्वच्छ मायक्रोफायबरने हलकं पुसून जास्तीचा कोट काढा. हे पुसणं टाळलं तर ओघळ तसेच कडक होतात आणि नंतर निघता निघत नाहीत. भाग जुना असेल तर पहिला हात शोषला जातो. तासाभराने दुसरा द्या. संपूर्ण गाडीला काही मिलीलिटर पुरतात, जास्त लावून जास्त टिकत नाही. पत्र्यावर थेंब पडला तर लगेच पुसा. त्यानंतर निदान चोवीस तास पाणी नको, म्हणजे रोज गाडी पुसणाऱ्यालाही आदल्या दिवशी सांगून ठेवा. भर पावसाळ्यात हे काम काढू नये ते यासाठीच.

वायपरखालच्या जाळीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे प्रश्न सुरक्षेचा आहे. ही जाळी सगळ्यात आधी पांढरी पडते. ती आभाळाकडे तोंड करून असते आणि खालून इंजिनची धगही लागते. तिच्यावर तेलकट सिलिकॉन लावलं, तर पाऊस सुरू होताच ते काचेवर येतं, वायपर ते फासतात आणि रात्री समोरच्या दिव्यांनी काच धुरकट चमकते. इथे कडक होणारा कोटच लावा. अशीच खबरदारी इतरत्रही घ्या. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग, ब्रेकची डिस्क, पेडल, आणि दुचाकीची सीट किंवा पाय ठेवायची जागा यांना यातलं काहीही लागता कामा नये.

हॉट एअर गनने काळं करण्याचा प्रकार पाहणाऱ्याला जादूच वाटतो. गरम हवा फिरली की राखाडी भाग डोळ्यांदेखत काळा होतो. त्यात होतं इतकंच की वरचा थर वितळून भेगा मिटतात. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या थोडं वर वितळतं आणि गनच्या तोंडाशी हवा कित्येक शे अंशांची असते. क्षणभर जास्त थांबलं तर दाणे वितळून गुळगुळीत होतात, भाग वाकतो, शेजारचा रंग फुगतो. शिवाय सरलेले स्टॅबिलायझर उष्णतेने परत येत नाहीत, त्यामुळे तोच थर पुन्हा लवकर तडकतो. माझ्या मते हा उपाय गाडीवरून काढलेल्या सुट्या भागापुरता ठेवावा, आधी आतल्या बाजूला करून पाहावा, आणि पार्किंग सेन्सर असलेल्या बंपरवर तर करूच नये.

स्प्रे पेंट हा शेवटचा पर्याय. पॉलिप्रॉपिलीनला सहसा काही चिकटत नाही. म्हणूनच रंगवलेले बंपर कारखान्यात ज्वालेने किंवा खास प्रायमरने आधी तयार करतात. घरी करायचं तर प्लास्टिकसाठीचा अ‍ॅडहीजन प्रमोटर, त्यावर प्रायमर आणि मग मॅट काळा अशा पातळ थरांना पर्याय नाही. प्रमोटर वगळला तर पहिल्या दगडाच्या टवक्यापासून सालं निघू लागतात, आणि सालं निघालेला बंपर राखाडी बंपरपेक्षा वाईट दिसतो. भाग ठिसूळ होऊन नखाने तुकडे पडत असतील, तर कोणताही कोट लावू नका, भाग बदला. वायपरखालची जाळी किंवा कमानीची पट्टी सुटी मिळते. फक्त क्लिपा जुन्या झालेल्या असल्या की काढताना तुटतात, म्हणून नव्या क्लिपा आधी आणून ठेवा.

नवी गाडी घेणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की काळ्या भागांना पहिल्या महिन्यातच कोट द्या. भेगा पडण्याआधी लावलेल्या कोटाचं काम हलकं असतं आणि एक सकाळ पुरते. गाडी रोज एकाच जागी उघड्यावर उभी राहत असेल, तर एक दिवस सरळ आणि एक दिवस उलटी लावा, म्हणजे दुपारचं पश्चिमेचं ऊन एकाच बाजूला सोसावं लागणार नाही. आणि वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आधी आणि मार्चच्या सुरुवातीला, प्लास्टिकवर पाण्याचा शिंतोडा मारून पाहा. पाणी पसरलं आणि ओला भाग कोरड्यापेक्षा जास्त काळा दिसला, तर कोट संपला आहे, पुन्हा द्या.